पाच वर्षांची शाई

यंत्राला माहेर कळत नाही, हे वैजयंता मगदूमला निवडणुकीच्या ड्युटीचा आदेश हातात पडल्यावर कळलं.

कर्मचाऱ्याला स्वतःच्या गावात नेमायचं नाही, असा नियम आहे आणि नेमणुका करणारा संगणक तो काटेकोरपणे पाळतो. त्यानं तिच्या नावापुढचं मगदूम बघितलं, सासरचं गाव इमानदारीत वगळलं आणि जिल्ह्यातल्या उरलेल्या दोनेक हजार केंद्रांमधून तिच्यासाठी नेमकं कोळेखडी काढलं. कोळेखडीत ती वयाची बावीस वर्षं वैजयंता चौगुले म्हणून वाढली होती. तिचा थोरला भाऊ बजरंग आणि धाकटा उमेश अजून तिथंच होते. आई-वडील गेल्यापासून माहेर म्हणजे थोरला दादा, एवढंच उरलं होतं.

ती तहसील कचेरीत सांगायला गेली. तिथल्या कारकुनानं शांतपणे पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. माहेरच्या गावासाठी रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणजे हरकत नाही. वर त्यानं तिचं अभिनंदन केलं. कोळेखडी म्हणजे लॉटरी, गेल्या दोन्ही निवडणुकांत शंभर टक्के बोटं, ना भांडण ना तंटा, सहा वाजता यंत्राला सील लावून मोकळ्या व्हाल, असं तो म्हणाला.

शंभर टक्के बोटं ही भाषा आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. सन २०४४ चाललं होतं आणि नवी शाई येऊन नऊ-दहा वर्षं झाली होती.

जुनी शाई ज्यांनी लावून घेतली आहे, त्यांना ती आठवत असेल. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असायचं. कातडीवरच्या घामातल्या मिठाशी त्याची गाठ पडली आणि उजेड लागला की काळा डाग बसायचा. पण आपल्या कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचाच असतो आणि तो महिन्याभरात झडून जातो. नखावरचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि चार-पाच महिन्यांत नेलकटरखाली येतो. तेवढ्या अवधीत मतदान कुणी केलं नि कुणी सुट्टी काढून झोपा काढल्या, हे कुणाच्या लक्षातही राहत नसे. शहरांत टक्का चाळिशीच्या वर सरकायला तयार नव्हता.

डॉ. मृदुला हर्डीकर यांचा निवडणुकीशी काडीचा संबंध नव्हता. भाजलेल्या रुग्णांना लावलेली नवी कातडी कुठवर धरली आहे, हे बाहेरून दिसावं म्हणून त्या कातडीत झिरपणारे रंगाचे अतिसूक्ष्म कण तयार करत होत्या. कातडीच्या खालच्या थरात सफाई करणाऱ्या पेशी असतात. बाहेरचं काही दिसलं की त्या गिळतात. रंगाचा कण त्यांना पचत नाही, म्हणून तो पोटात धरून बसतात, आणि एक पेशी मेली की शेजारची तोच कण उचलते. गोंदण जन्मभर टिकतं ते ह्याच कारणानं. हर्डीकर बाईंनी त्या कणाला कांद्यासारखे पापुद्र्यांवर पापुद्रे चढवले. शरीराच्या उबेनं एकेक पापुद्रा ठरावीक दिवसांत विरघळतो, आणि शेवटचा गेला की रंग आपोआप फुटून रक्तावाटे निघून जातो. किती पापुद्रे चढवायचे, त्यावर डागाचं आयुष्य ठरतं. बाईंना ते सहा महिन्यांचं हवं होतं. कुणीतरी विचारलं, पाच वर्षांचं होईल का? झालं.

तर ही पंचवार्षिक शाई. डाव्या तर्जनीच्या नखामागे जांभळी रेघ बसते आणि पुढच्या निवडणुकीच्या सुमारास नाहीशी होते. पेशींनी कण गिळायला बारा तास लागतात. तेवढ्या वेळात डाग काढायचा झाला तर एक द्रव आहे. त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव आहे, पण सगळे त्याला उतारा म्हणतात. चुकून भलत्याच्या बोटाला शाई लागली तर असावी म्हणून प्रत्येक केंद्रावर त्याची एक बाटली देतात.

एकदा डाग पाच वर्षं टिकतो म्हटल्यावर लोक सरळ झाले. सरकारी कचेऱ्यांत शाईवाल्यांची वेगळी खिडकी आली आणि तिथली रांग पटापट सरकू लागली. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांची बोटं मुलीकडचे आधी बघू लागले. कोऱ्या बोटाचा ही चक्क शिवी झाली. निवडणुकीनंतर सरकारी पथकं बोटं तपासायचा दिवा घेऊन गावोगाव फिरत आणि ज्या गावात एकही बोट कोरं सापडत नसे, त्याच्या वेशीवर पूर्ण बोटांचं गाव अशी पाटी लागे. टक्का नव्वदीला टेकला. वर्तमानपत्रांनी लोकशाही जागी झाल्याचं छापलं.

ह्या सगळ्यात एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मतदान केंद्रात पहिल्या टेबलावर नाव शोधतात, दुसऱ्यावर सही घेऊन शाई लावतात आणि चिठ्ठी देतात, तिसऱ्यावर ती चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतात आणि मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन बटण दाबायचं असतं. शाई आधी, मत नंतर. हा क्रम फार जुना. शाईवर वर्षानुवर्षं डोकं चालवणाऱ्यांपैकी कुणालाही टेबलांची जागा बदलावीशी वाटली नाही.

जिल्हा परिषदेच्या त्या निवडणुकीत वैजयंता कोळेखडीच्या मराठी शाळेत केंद्राध्यक्ष म्हणून बसली, तेव्हा हा क्रम तिच्याही डोक्यात नव्हता. अठ्ठावीस वर्षं शिक्षकी करताना तिनं अकरा निवडणुका काढल्या होत्या. साडेसातला मतदान सुरू झालं. लोक सणाला यावेत तसे आले, धुतलेले कपडे घालून, ओळीनं. बऱ्याच जणांनी तिला ओळखलं आणि न ओळखल्यासारखं केलं. ड्युटीवरच्या बाईला माहेरवाशीण म्हणून हाक मारू नये एवढं भान लोकांना होतं.

साडेनऊला पहिली आकडेवारी कळवायची होती. नोंदवहीत एकशे बावन्न सह्या होत्या. तिनं नियंत्रण यंत्राचं बटण दाबलं. पडद्यावर एकतीस आलं.

यंत्र बिघडलं की काय म्हणून तिनं बटण पुन्हा दाबलं. पुन्हा एकतीस. तिसऱ्या टेबलावर पिसे नावाचे ग्रामसेवक होते. ते सलग तिसऱ्या निवडणुकीला ह्याच केंद्रावर आले होते. यंत्र ठणठणीत आहे, मॅडम, इथं असंच असतं, असं ते चहाचा घोट घेत म्हणाले. मग ती दारापाशी उभी राहून बघू लागली. लोक बोट पुढे करत, शाई लावून घेत, चिठ्ठी घेत, ती नीट घडी घालून खिशात ठेवत आणि पिशांच्या टेबलावरून सरळ बाहेर पडत. कुणी लपवाछपवी करत नव्हतं. एका तरण्या पोराला तिनं विचारलं, मत नाही का द्यायचं? त्यानं गोंधळून जांभळी रेघ तिच्यासमोर धरली. दिलं की, म्हणाला. त्याचं हे दुसरं मतदान होतं आणि पुठ्ठ्याच्या मागे काय असतं हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता, ह्याचाच तिला जास्त धक्का बसला.

पुठ्ठ्यामागे जात होत्या त्या बहुतेक बाहेरून नांदायला आलेल्या सुना. त्यांना इथली रीत कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असली तरी त्यांनी कानाआड केली होती. दीड वाजता सह्या पाचशे एकूणपन्नास आणि यंत्रात एकशे अठरा.

अडीचच्या सुमारास दादा व्हरांड्यात आला. सकाळी उमेशला हाताला धरून तोही शाई लावून गेला होता. तेव्हा ती आत कुणाच्या तरी ओळखपत्राच्या घोळात होती. दादानं आधी जेवलीस का विचारलं. मग चपला बाजूला काढून तो पायरीवर बसला आणि चारनंतर काय करायचं असतं ते तिला समजावून सांगू लागला.

"चार वाजले की पिसेभाऊ दार ओढून घेत्यात. दोन्हीकडचे एजंट समोर बसत्यात. ऱ्हायलेली मतं एक इकडं, एक तिकडं, अशी निम्मी-निम्मी वाटायची. वह्या जुळल्या, यंत्र जुळलं. कोण जास्ती न्हाई, कोण कमी न्हाई. तू फकस्त सही करायची."

कोळेखडीत वरची आळी एका बाजूची आणि खालची आळी दुसऱ्या बाजूची, हे ती लहानपणापासून बघत आली होती. तेरा वर्षांपूर्वी निकालाच्या दिवशी दोन आळ्यांत दगडफेक झाली. त्यातला एक दगड उमेशच्या डोक्यात बसला. एकोणचाळीस वर्षांचा, गावच्या भजनात पहिला आवाज लावणारा माणूस. तो वाचला. सगळं समजायचं त्याला, पण शब्द तोंडापर्यंत येऊन अडकत ते आजतागायत. त्या महिन्यात दादानं दोन्ही आळ्यांना भैरोबाच्या देवळात गोळा केलं, अंगाऱ्यावर हात ठेवला आणि मी जन्मात मत देणार नाही अशी शपथ घेतली. बाकीच्यांनी शपथ घेतली नाही, पण शब्द दिला. पुढं नवी शाई आली आणि गावाची मोठीच सोय झाली. बोटही रंगू लागलं आणि कुणाचं डोकंही फुटेना. वेशीवर पाटी लागली. तालुक्यात लोक दादाला शांततेचा माणूस म्हणून ओळखू लागले.

हे सगळं चूक आहे, असं दादाच्या तोंडावर म्हणणं तिला जमण्यासारखं नव्हतं. उमेशला बैलगाडीत घालून पलीकडच्या मोठ्या रस्त्यापर्यंत त्यानंच नेलं होतं. तरी तिनं विचारलं, की गावात दवाखाना का झाला नाही? आसपासच्या चार गावांत उपकेंद्रं झाली, कोळेखडीला अजून अकरा किलोमीटर जावं लागतं. ज्या गावाची मतं काही केलं तरी निम्मी-निम्मीच पडणार, तिथं मतं मागायला कोण कशाला येईल, आणि मागायलाच आला नाही तर द्यायला कशाला येईल?

दादानं बाजूच्या चपलेवरची माती झटकली.

"दवाखाना येईल कवातरी. उमेशची वाचा येनार हाय का?"

"मला सही करता येणार नाही, दादा."

तिनं एवढंच म्हटलं. न जुळणारा हिशेब खरा लिहिला तर कोळेखडीत फेरमतदान लागेल, मागच्या दोन्ही निवडणुकांची चौकशी होईल, पाटी उतरेल आणि दादाचं नाव सगळ्या तालुक्याच्या तोंडी होईल. सही केली तर चारशेवर खोटी मतं तिच्या नावावर. दोन्हीतलं काय धरायचं हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक असल्यानं काही सोपं होत नव्हतं.

दादानं चपला घातल्या. "सरकारी मानूस म्हनून आलीस. तशीच जा मग," तो म्हणाला आणि गेला. माहेरचं दार आता बंद, हा त्याचा अर्थ तिला न कळण्यासारखा नव्हता.

तिनं क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन लावला. त्यांनी आधी चांगलं चाललेलं का बिघडवताय असं विचारलं आणि मग तुमच्या जबाबदारीवर करा म्हणून फोन ठेवला. तिनं नियमाची पुस्तिका काढली. नियम स्पष्ट होता, फक्त तो कुणी वाचला नव्हता. शाई लावून चिठ्ठी घेतलेल्याला मतदान संपेपर्यंत मत देता येतं. द्यायचं नसेल तर त्यानं नोंदवहीत तशी सही करायची आणि केंद्राध्यक्षानं उताऱ्यानं त्याची शाई काढायची. ती सही शेवटची, मग त्या दिवशी माघार नाही. तिनं हेच कागदावर लिहिलं आणि कोतवालाला ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून वाचायला लावलं. दोन्हीपैकी काहीच न करणाऱ्यांची नावं अहवालात जातील, हेही खाली जोडलं. पिशांचा चेहरा पडला. आणखी दोन वर्षांनी ते निवृत्त होणार होते.

भोंगा तीनदा वाजला. गावात माणसं घराबाहेर आली, कट्ट्यावर बसून बोलू लागली, पण शाळेकडे कुणी फिरकलं नाही. सगळे दादाच्या दाराकडे बघत होते.

चारला दहा कमी असताना दादाच आला. एकटा. दुसऱ्या टेबलासमोर उभा राहिला.

"कुठं सही करायची?"

वैजयंता उठून त्याच्याजवळ गेली. सही केलीस की आज मत देता येणार नाही, हे तिनं त्याला नियमाप्रमाणे सांगितलं. दोघांनीही ते अगदी परक्यासारखं उरकलं.

"शपथ मी घेतलीया, मी पाळनार," दादा म्हणाला. "पर माझ्यापायी तुझ्या हातनं खोटं नको. गावानं कुटं शपथ घेतलीया? गावाचं गाव बघंल."

त्यानं नोंदवहीत आपल्या नावासमोर सही केली. शाईवाला अधिकारी बाटली उघडायला लागला तेव्हा तिनं ती त्याच्याकडून घेतली. कापसाच्या बोळ्यावर उतारा घेतला आणि दादाची तर्जनी हातात धरली. नांगर, मोटार, खोरं सगळं करून राठ झालेलं ते बोट. इतक्या वर्षांत तिनं दादाचा हात असा धरला नव्हता. रेघ आधी पसरली, मग फिकी झाली आणि चार वेळा पुसल्यावर गेली. आपण हे काय करतोय असं तिला वाटलं आणि रडू आलं. ते तिनं आवरलं, कारण समोर दोन्ही आळ्यांचे एजंट बसले होते.

दादा कोरं बोट घेऊन बाहेर गेला आणि शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. त्यानं हात खिशात घातला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ते बोट दिसत होतं.

मग माणसं येऊ लागली. उगाच लोकशाहीचा साक्षात्कार झाला असं कुणी समजू नये. बऱ्याच जणांना शाईची खिडकी सोडायची नव्हती. काहींच्या घरात लग्नं ठरायची होती. अहवालात नाव जाईल म्हणून काही घाबरले होते. वरच्या आळीचे चार जण गेले म्हणून खालच्या आळीचे आठ आले. पण चिठ्ठी पिशांच्या हातात पडत होती, यंत्र पीं करून लांबलचक वाजत होतं आणि आडोशामागून बाहेर येणाऱ्या माणसाचा चेहरा आत जाताना होता तसा नसायचा. सकाळच्या त्या तरण्या पोरानं पुठ्ठ्यामागून बाहेर येऊन पिशांना विचारलं, एवढंच असतं का? एवढंच असतं, पिसे म्हणाले. एकोणतीस जणांनी दादासारखीच सही करून बोट पुसून घेतलं. त्यांचाही हक्कच होता तो.

पाच वाजून गेल्यावर उमेश आला. त्याला हाताला धरायला शेजारचा कुणीतरी पुढे झाला, तर त्यानं मान हलवली. चिठ्ठी त्यानं सकाळपासून मुठीत धरली होती, ती घामानं ओली झाली होती. पिशांनी ती उलगडून नंबर लावला. उमेश पुठ्ठ्यामागे गेला आणि बराच वेळ आला नाही. वैजयंताला उठून मदतीला जावंसं वाटत होतं. नियमात बसत नव्हतं, म्हणून ती खुर्चीच्या हाताला धरून बसून राहिली. मग पीं वाजलं.

खिडकीतून फाटक दिसत होतं. उमेश बाहेर पडला तसा दादा त्याच्याजवळ गेला. ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तोच मत देऊन आला होता. दादाचा चेहरा तिला दिसत नव्हता, आवाज तेवढा ऐकू आला.

"कुनाला दिलंस रं?"

उमेश थांबला. त्याचे ओठ हलले, पुन्हा हलले. शब्द जुळायला नेहमीसारखाच वेळ लागला.

"सां... सांगायचं... नस्तं," उमेश म्हणाला, आणि स्वतःच मोठ्यानं हसला.

रांगेतले लोकही हसले. दादा तेवढा हसला नाही. तो उमेशकडे बघत उभा राहिला. वैजयंताला आत काम लागलं आणि तिची नजर तिथून हलली.

साडेपाचला मतदानाची वेळ संपली की केंद्राध्यक्षानं स्वतः बाहेर जायचं असतं. जे रांगेत आहेत त्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या द्यायच्या आणि त्यानंतर आलेल्याला घ्यायचं नाही. चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून वाटायच्या असतात, म्हणजे वाटता वाटता मागे कुणी घुसत नाही. ती चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन रांगेच्या टोकाला गेली. पन्नासेक माणसं होती.

शेवटचा दादा होता.

त्यानं हात पुढे केला. तर्जनी पुसून लालसर झाली होती. तिच्या गठ्ठ्यात वर एक नंबरची चिठ्ठी होती. देवळातली शपथ, तेरा वर्षं, सगळं बाजूला ठेवून तो रांगेत येऊन उभा राहिला होता, आणि ते कधी ठरवलं हे तो कुणालाच सांगणार नव्हता. तिला चिठ्ठी द्यायची होती. आयुष्यात दुसरं काही तिला इतकं द्यावंसं वाटलं नसेल.

"तुझी सही झालीय, दादा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ह्या वेळी तिनं ते आवरलं नाही.

दादानं मान डोलावली. हात हळूच खाली घेतला.

"पुढच्या बारीला मग," तो म्हणाला. "त्या पुढच्या बाईला दे. खोळंबलीया ती."

तिनं एक नंबर पुढच्या बाईला दिला आणि तशीच पुढे सरकत गेली. दादा बाजूला झाला नाही. रांग पावलापावलानं पुढे जात राहिली, तसा तोही पुढे येत राहिला, आणि ती बाई आत जाईपर्यंत तिच्यामागे उभा होता.